पारीखाली कोणी नाही

भुमेश्वरी पुस्तोडे यांच्या बोडीखाली एकही माणूस राहत नाही, असं सरकारी सर्व्हरनं ज्या दिवशी जाहीर केलं, त्या दिवशी बोडीखाली राहणाऱ्या शेहेचाळीस माणसांपैकी एकाचं लग्न होतं. संध्याकाळी नवरी आली आणि माणसं सत्तेचाळीस झाली. सर्व्हर शून्यावर ठाम राहिला.

भुमाबाई त्या लग्नाला जाऊन, जेवून, आहेर करून आल्या होत्या. घरी येऊन त्यांनी टॅब उघडला. पडद्यावर लिहिलं होतं: 'अधोबाजूची लोकसंख्या: शून्य. मालकाने खातरजमा करून स्वाक्षरी करावी.'

"शून्य?" बाई टॅबला म्हणाल्या. "मग मी जेवले कोणाकडे?"

टॅबनं उत्तर दिलं नाही. अजून तेवढी प्रगती झाली नव्हती.

बाई बेलपारच्या पोस्टात एकतीस वर्षं शाखा पोस्टमास्तर होत्या. त्या नोकरीतून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या: गुडघेदुखी, आणि सरकारला काहीही दिलं की त्याची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही ही सवय. यजमान वारले त्याला सहा वर्षं झाली होती. एकुलता एक हेमराज नागपुरात इंजिनियर होता. आणि बोडी होती.

धानाच्या या मुलुखात बोडी म्हणजे शेतकऱ्याचं खासगी तळं. उताराला मातीचा बांध घालायचा, त्याला म्हणायचं पार. वरचं पाणी अडवायचं आणि ते खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पाजायचं. लोक लेकीला सोनं घालतात. बाईंच्या वडलांनी लेकीला बोडी आंदण दिली. सोनं चोरीला जातं, बोडी कोण उचलून नेणार, असा त्यांचा हिशेब. चौदा फूट उंच, एकशे ऐंशी मीटर लांब पार, पोटात काळी माती आणि अंगावर मुरूम. सिमेंट नाव घ्यायला नाही.

दूरच्या कुठल्याशा राज्यात अशाच दोन छोट्या पारी एका पावसाळ्यात फुटल्या आणि देशाला एकदम आठवलं, की मोठ्या धरणांवर पहारा आहे, पण लाखो छोट्या पारींना कोणी विचारत नाही. कायदा झाला. तीन मीटरहून उंच प्रत्येक पारीच्या पोटात, मग ती सरकारी असो की कोणाच्या आंदणातली, काचेचं सूत घालायचं ठरलं.

हे सूत केसाएवढं जाड असतं. त्याच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाची चुटकी सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक बारीक खोट असतेच, आणि त्या प्रत्येक खोटीवर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. माती तसूभर सरकली, सूत इवलंसं ताणलं गेलं, तिथलं गारठलं किंवा तापलं, की मागे येणाऱ्या प्रकाशाची चाल बदलते. म्हणजे एकशे ऐंशी मीटर सूत घातलं, की पारीला मीटरमीटरवर एकेक कान फुटतो. मातीची पार वरून वाहून जाते तशी आतूनही मरते: झिरपणारं पाणी एकटं जात नाही, जाताना मातीचे कण घेऊन जातं, मागे बारीक नळी राहते, ती नळी मागे मागे खात तळ्यापर्यंत पोचते, आणि मग एका दुपारी पार नसते. सुताला हे सगळं आधी ऐकू येतं.

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. बाईंच्या बोडीत सूत घातलं ते खुद्द हेमराजनं. त्याची कंपनी तेच काम करायची.

गडबड होती वर्गात. सुतानं सांगायची ती पारीची तब्येत. वर्ग ही वेगळी चीज होती. पार फुटली तर मरेल कोण, यावर वर्ग ठरायचा. पार लोखंडासारखी मजबूत असली आणि खाली वस्ती असली, तर वर्ग तीन, अतिधोक्याचा. पार कुजक्या फणसासारखी असली आणि खाली नुसत्या बाभळी, तर वर्ग एक, बिनधोक. बाभळींनी याबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

आणि माणसं मोजायची ती ग्रामपंचायतीच्या घरक्रमांकांवरून. मोबाईल मोजायला खासगीपणाच्या कायद्याची मनाई होती. बाईंच्या बोडीखालची अकरा घरं ढिवरांची, म्हणजे मासेमारांची; त्या वस्तीला टोला म्हणत. तीन पिढ्या तिथं राहून याच बोडीत जाळं टाकणारी. पण ती जमीन कागदावर गायरान. गायरानावर घर नसतं, म्हणून घराला क्रमांक नसतो, म्हणून घरात माणूस नसतो. तर्कात कुठं फट नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई सही करण्याआधी जुने अहवाल वाचायला बसल्या. न वाचता सही करणं त्यांना पोस्टातही जमलं नव्हतं. एका ओळीवर त्या थांबल्या. 'पारीवरील हालचाल, दररोज पहाटे पाच ते सहा: मध्यम आकाराचे प्राणी, अंदाजे चौदा.'

त्यांनी हेमराजला फोन लावला.

"हेमू, पारीवर पहाटे चौदा जनावरं फिरतात म्हणे."

"रानडुकरं असतील आई."

"रानडुकरं रोज पाचला येऊन सहाला जातात? हजेरी लावतात का?"

हेमराजनं तिकडे काहीतरी उघडून पाहिलं. मग त्याचा आवाज थोडा उतरला. "पायांच्या आवाजावरून ओळखतं ते. माणसाचं पाऊल म्हणजे आधी टाच, ठक्क, मग चवडा. हा ठोका बसला नाही की मशीन प्राणी म्हणतं. बुटांवर, चपलांवर शिकवलंय ना त्याला."

पारीवर पायताण घालून जायचं नाही, ही या भागातली रीत. मालक असो की ढिवर, चपला पारीच्या टोकाला काढायच्या. देवधर्माचा संबंध नाही. ओल डोळ्यांना दिसते त्याच्या आठ दिवस आधी तळव्याला कळते, एवढाच त्यातला धर्म.

पुढच्या पहाटे त्या पारीवर गेल्या. लहानी दिघोरे जाळं खांद्यावर टाकून पुढं चालली होती. लहानी चाळिशीची, टोल्यातल्या कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द तिचा.

"आज इकडं कशा जी बाई? गुडघे बरे झाले का?"

"नाही. मोजून घ्यायला आले."

अनवाणी चालत बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मग चपला घालून परत आल्या.

"हे का करता?" लहानी ओरडली. "पारीवर चपला?"

"शास्त्र आहे."

दुपारी अहवाल आला. 'मध्यम आकाराचे प्राणी, अंदाजे पंधरा. मानव, एक.' बाईंनी तो तीनदा वाचला. जाताना त्या जनावर होत्या आणि येताना माणूस. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी इतकी झपाट्यानं उत्क्रांती झालेली त्यांच्या माहितीत दुसरी कोणी नव्हती.

लहानीला सांगितलं तेव्हा ती हसून हसून जाळ्यावर बसली. मग हसू ओसरलं. "म्हंजे तेच्या लेखी आमी डुकरं."

"मीही."

"तुमी परतताना तरी मानूस झाल्या. आमाला चपला घालून मासोळ्या धरता येत नाईत." ती उठली. "बरं, त्या मशीनला हे समजलं का, तुडूमापाशी माती थंड लागते?"

तुडूम म्हणजे पाणी सोडायचं जुनं दार, पारीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर. बाईंनी टॅब पुन्हा उघडला. मशीनला समजलं होतं. 'मीटर एकसष्ट: झिरपा, सौम्य. वर्ग एक असल्याने कार्यवाही अनावश्यक.'

तालुक्याच्या लघुधरण वर्गीकरण कक्षात सावरबांधे नावाचे उपअभियंता बसत. भला माणूस. भल्या माणसांना अशा कक्षात ठेवायची पद्धत आहे, म्हणजे लोकांना ओरडताना संकोच वाटतो.

"मीटर एकसष्ट वाढला, तर तुम्ही कोणाला कळवाल?" बाईंनी विचारलं.

"वर्ग एकमध्ये फक्त मालकाला. तुमच्या फोनवर इशारा येईल."

"गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फोन दोन दिवस बंद होता."

"मग तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी..."

"पार फुटली तर पाणी टोल्यात पोचायला किती वेळ?"

सावरबांध्यांनी पडदा फिरवला. "नऊ मिनिटं."

"मी काल घरून टोल्यात फोन करून पाहिला. तिसऱ्या खेपेला लागला. अकरा मिनिटं."

सावरबांधे पेनाचं टोपण काढून घालू लागले. "बाई, माझं ऐका. शून्यावर सही करा. सत्तेचाळीस लिहिलेत, तर याच मिनिटाला वर्ग तीन होतो. खासगी बोडी वर्ग तीन झाली, की साठ दिवसांत काँक्रीटचा सांडवा आणि आत पोलादी भिंत. नाहीतर पार फोडून तळं रिकामं करायचं. तुम्हाला ते काम झेपणार आहे का?"

"पुस्तोड्यांच्या सात पिढ्या एका वेळी कमावत्या असत्या, तरी नाही."

"मग? तळं जाईल, टोल्याची मासोळी जाईल, तुमचा धान जाईल. सही केलीत तर सगळं राहतं."

"माणसं सोडून."

"माणसंही राहतात हो. फक्त कागदावर नसतात."

हे त्यांनी इतक्या सरळ मनानं सांगितलं, की बाईंना रागावता येईना. त्यांनी फॉर्म घेतला, शून्य आडवी रेघ मारून खोडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. घर पहिलं, दिघोरे, पाच माणसं. घर दुसरं, नान्हे, तीन. नावं, वयं, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाला ऐकू येत नाही. एकतीस वर्षं पत्रं वाटलेल्या बाईला यादी काढायला टोल्यात जावं लागलं नाही. शेवटचं नाव त्यांनी परवा आलेल्या नवरीचं लिहिलं.

"पोच द्या," त्या म्हणाल्या.

"बाई, हे बोडीचं मृत्युपत्र आहे."

"असू द्या. मृत्युपत्राचीही पोच लागते."

पाचव्या दिवशी आदेश आला. वर्ग तीन. साठ दिवस. पार फोडावी. टोल्याला त्याच दिवशी दुसरी एक नोटीस लागली: धोकाक्षेत्रात अनधिकृत वास्तव्य. सरकारनं त्यांना माणसं मानलं ते हाकलण्यापुरतं.

लहानी तरातरा बाईंच्या अंगणात आली. नोटीस तिच्या मुठीत चुरगळली होती. "कोनी सांगितलं होतं जी मोजायला? तीन पिढ्या कोनी मोजलं नाई, सुखात होतो. तुमी मोजलं अन् तळं बी गेलं, घर बी चाललं. एवढा पुळका काहून आला?"

"पार फुटली तर तुम्हाला कळायला हवं म्हणून."

"आता फुटायची वाट कशाला? तुमचेच लोक फोडतेत." ती जायला वळली आणि दारात थांबली. "विचारलं तरी असतं, बाई. आमचं नाव आमाला न विचारता लिवलं."

हा घाव वर्मी बसला, कारण तो खरा होता. बाईंनी सत्तेचाळीस नावं बिनचूक लिहिली होती आणि त्यांतल्या एकालाही विचारलं नव्हतं. सर्व्हरनं त्यांना विचारलं नाही, तसंच बाईंनीही. फरक आकड्याचा.

रविवारी हेमराज आला. त्यानं जेवण होईपर्यंत दम धरला.

"अजून अपील करता येतं. चुकून लिहिलं म्हण. वय झालंय म्हण."

"कोणाचं?"

"आई, मी हे काम करतो. मला माहीत आहे, हे मोजमाप वेडगळ आहे. पण त्यातून बोडी वाचवायचा एकच रस्ता होता आणि तो तू खोडलास. आजोबांची बोडी आहे ती. उद्या माझी आहे."

"तू मशीनला चपला घातलेलीच माणसं का शिकवलीस?"

"मी नाही शिकवली! तयार आलं ते. नमुने कुठल्या तरी कालव्याच्या रस्त्यावरचे होते."

"तुला लहानपणी पारीवर कोणी चालायला शिकवलं?"

हेमराजनं ताट सरकवलं. त्याला चालायला शिकवलं होतं आजोबांनी, अनवाणी. तो संध्याकाळच्या बसनं परत गेला.

बाईंनी मग ते केलं, जे या देशात सहसा कोणी करत नाही. त्यांनी कायदा वाचला. एकशे सत्तावन्न पानं, बारीक टाइप, चष्मा आणि वरून भिंग. चौथ्या दिवशी कलम एकोणीस, पोटकलम चार: 'मालक व मालकाचे कुटुंबीय यांनी जोखीम स्वेच्छेने पत्करली आहे असे मानून, त्यांची गणना अधोबाजूच्या लोकसंख्येत करू नये.' हे कलम कोणासाठी घातलं असावं हे सांगायला ज्योतिषी नको. कुठल्या तरी वजनदार माणसाचा बंगला त्याच्याच धरणाखाली असणार. त्या अज्ञात वजनदार माणसाला बाईंनी मनोमन हात जोडले.

मात्र या खेपेला त्या आधी टोल्यात गेल्या. अकरा घरांची माणसं लहानीच्या अंगणात जमली. बाईंनी कलम वाचून दाखवलं.

"म्हंजे का?" म्हाताऱ्या सुकराम नान्हेंनी कानाला हात लावून विचारलं.

"म्हणजे बोडीचे बारा मालक. प्रत्येक घरातून एक, आणि बारावी मी. मी बक्षीसपत्र करून देते. मालकाला मोजत नाहीत, म्हणून वर्ग एक. पार फोडायची गरज नाही. पण इशारा प्रत्येक मालकाला थेट जातो. म्हणजे बारा फोन वाजतील, माझ्या एकटीचा नाही. आणि मालकाला पत्ता द्यावा लागतो. सातबाऱ्यावर नाव चढवायचं तर घर कुठं आहे ते लिहावंच लागेल."

"अन् पार फुटली तर?" लहानीनं विचारलं.

"तर जबाबदार आपण बाराही. कोणाकडे भरपाई मागता येणार नाही. डागडुजीही आपणच करायची. हेही त्याच कलमात आहे. सगळं सांगितलं. आता विचार करा, मी बाहेर बसते."

त्या बाहेर बाजेवर बसल्या. आत आवाज चढले, उतरले, कोणी म्हणालं बाईचा काहीतरी डाव आहे, कोणी म्हणालं बाईला डाव जमत असता तर अशी पंचाईत का झाली असती. तासाभरानं लहानी बाहेर आली.

"एक अट. मालक म्हंजे खरंच मालक. कागदावरचा नाई. पान्याचं काईबी ठरवायचं, तर एका घराला एक मत. तुमालाबी एकच."

बाईंनी पारीकडे पाहिलं. बोडी त्यांच्या बापाची होती. "बरं," त्या म्हणाल्या.

हेमराजला त्यांनी स्वतः फोन केला.

"तू माझ्या वाट्याची बोडी वाटून टाकलीस?" त्याचा आवाज फाटला.

"वाटली नाही. खाली राहतात त्यांना दिली. तू खाली राहायला ये, तुलाही देते."

फोन बंद झाला. नंतर दोन महिने त्याचा फोन आला नाही. बाईंनी बक्षीसपत्रावर सही केली आणि त्याची पोच घेतली.

सर्व्हरनं आठवडाभर विचार केला. मग अधोबाजूची लोकसंख्या पुन्हा शून्य झाली, वर्ग एक झाला आणि पार फोडायचा आदेश आपोआप रद्द झाला. टोल्याची नोटीसही गळून पडली, कारण धोकाक्षेत्रच उरलं नाही. सावरबांध्यांचा फोन आला.

"बाई, हे नियमात बसतं. पण हे बरोबर नाही."

"साहेब, सत्तेचाळीस लिहिलं होतं ते बरोबर होतं. ते नियमात बसत नव्हतं."

पलीकडे बराच वेळ टोपण काढल्याघातल्याचा आवाज येत राहिला. "बोडीवर मी एकदा येऊन जाईन," ते म्हणाले. "सरकारी नाही. असाच."

श्रावणात सलग चार दिवस पाऊस पडला. पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता बारा फोन एकदम वाजले. 'मीटर एकसष्ट: झिरपा, तीव्र. पाण्यासोबत मातीचे कण.'

बाई रिक्षानं पारीवर पोचल्या, तोवर अकराही मालक तिथं होते. लहानीनं म्हातारीकोतारी आणि पोरं आधीच वर शाळेत पाठवली होती. तुडूमाच्या खालच्या अंगाला मनगटाएवढी धार सुटली होती आणि ती गढूळ होती. स्वच्छ धार एक वेळ चालते. गढूळ धार म्हणजे पार आतून निघाली.

बाईंचा फोन पुन्हा वाजला. हेमराज.

"आई, मला इथं दिसतंय. तुडूम उघडू नका, तिथून ओढ वाढली तर नळी रुंदावेल. धारेच्या तोंडाशी आधी रेती, वर गिट्टी, वर दगड. पाणी जाऊ द्यायचं, माती जाऊ द्यायची नाही. आकृती पाठवतोय. आणि सांडवा दोन हात खाली कापा, तळ्याचं ओझं उतरलंच पाहिजे. टोल्यातल्यांना आधी वर काढ."

"ते वरच आहेत. माझ्याशी भांडताहेत."

"कशावरून?"

"ठेवते."

भांडण सांडव्यावरून होतं, म्हणजे पारीच्या टोकाला जादा पाणी बाहेर पडायला ठेवलेल्या मातीच्या खाचेवरून. सांडवा कापला, की एवढं पाणी ज्या वाटेनं जाणार, ती वाट एकच: सांडव्याच्या अंगाला असलेली बाईंची पाच एकर बांधी. धान पोटरीला आला होता. दोन हात पाणी त्यावरून गेलं, की वर्षाचा दाणा गेला.

"पलीकडून चर काढू," बाई म्हणाल्या. "झुडपांतून."

"तिकडं खडक हाय. दोन दिवस लागतीन," सुकराम म्हणाले.

"एक हातच कापा. मग बघू."

"बाई," लहानी म्हणाली, "तुमच्या लेकानं दोन सांगितले. फोनचा आवाज सगळ्याईनं आयकला."

"माझा धान आहे!"

"अन् आमची घरं." लहानीनं पदर खोचला. पाऊस तिच्या तोंडावरून ओघळत होता. "मत घ्या. सांडवा दोन हात कापायचा, कोन कोन?"

अकरा हात वर गेले. सुकरामांचा सगळ्यात शेवटी, कारण त्यांना प्रश्न दोनदा सांगावा लागला.

बाईंनी आपला हात खालीच ठेवला. आपल्या धानाकडे पाहिलं. तो पावसात हिरवागार, काहीच माहीत नसल्यासारखा डुलत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बोडीवर त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. आणि अकरा जणांचं बरोबर होतं, हे त्यांना तळव्यांतून कळत होतं. तुडूमापाशी माती बर्फासारखी गार पडली होती.

"माझा विरोध नोंदवून घ्या," त्या म्हणाल्या.

"नोंदवला जी," लहानी म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातात घमेलं दिलं. "आता माती उचला."

पाच जण रेती-गिट्टी घेऊन धारेकडे धावले. बाकीचे सांडव्यावर उतरले. बाई गुडघ्यांना शिव्या घालत घमेली भरू लागल्या. पहिला हात खोल गेला तेव्हा पाणी नुसतं चाचपडलं. दुसरा हात खोल गेला, तशी तळ्यानं उडी घेतली आणि पाच एकरांत धान आडवा पडत गेला, एका बांधीनंतर दुसरी.

फोनवर मीटर एकसष्टचा आकडा उतरायला लागला. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सुकराम नान्हे धारेपाशी उकिडवे बसून ओंजळीत पाणी घेत होते आणि सांडत होते, घेत होते आणि सांडत होते.

"बाई!" ते खालून ओरडले. "निवळलं!"

"तिथंच बसा," बाईंनी वरून हाक दिली आणि पुढचं घमेलं लहानीकडे दिलं.